हप्ता चुकला नाही, गोळ्या चुकल्या: गृहकर्ज लवकर फेडण्याविषयी

इथे मी नेहमी बीपी, शुगर, थायरॉईड, ताप-खोकला यांविषयी लिहिते. आज गृहकर्जाविषयी लिहिणार आहे. मी डॉक्टर आहे, सीए नाही; पण गेल्या काही वर्षांत कर्जाच्या हप्त्याने आजारी पडलेले इतके पेशंट पाहिले, आणि त्यांतली एक मी स्वतः होते, की हा विषय आरोग्याच्या बाहेरचा आहे असे मला आता वाटत नाही.

माझा दवाखाना कर्नाळ्याच्या बाजूला, मुंबई-गोवा महामार्गालगतच्या एका गावात आहे. गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वय बावन्न, तळोजा एमआयडीसीत नोकरी. डोके दुखते म्हणून आले होते. बीपी पाहिले तर १९६/११४. पुन्हा मोजले, तेवढेच.

"काका, गोळ्या चालू आहेत ना?"

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "खरं सांगू का मॅडम, चार महिने झाले बंद आहेत. या वर्षी कर्ज संपवायचंच, असं घरात ठरलंय. जिथून वाचवता येईल तिथून वाचवतोय. पण हप्ता एकही चुकला नाही, उलट दर महिन्याला जास्तीचे भरतोय."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. मला रागावता आले नाही, कारण हाच अभिमान काही वर्षांपूर्वी माझ्याही चेहऱ्यावर होता. गोळ्या पुन्हा सुरू करून दिल्या, ईसीजी काढला. जाताना त्यांनी विचारले, "मग काय, कर्ज लवकर फेडू नको म्हणता?" त्यांच्या मागे बाहेर वीस पेशंट बसले होते. तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर आज देते.

माझी स्वतःची केस

ऑक्टोबर २०१३ मध्ये आम्ही पनवेलला फ्लॅट घेतला. विमानतळ येणार, भाव वाढणार, असे जो तो सांगत होता. यजमान शिक्षक, माझी प्रॅक्टिस नुकती बसत होती. ३५ लाखांचे कर्ज, २० वर्षे मुदत, १० टक्के व्याज, हप्ता ३३,७७६ रुपये.

वर्षभराने बँकेचे विवरण आले. मी ते संध्याकाळी दवाखान्यात उघडले. वर्षात आम्ही भरलेले पैसे: ४ लाख ५ हजार. मुद्दलातून कमी झालेले: ५८ हजार. बाकी सगळे व्याज. मला वाटले, छपाईची चूक असेल. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन विचारलेही. चूक नव्हती.

त्या दिवसापासून मी पेटले. सकाळचा दवाखाना, संध्याकाळचा दवाखाना, शिवाय आठवड्यातून दोन रात्री एका हॉस्पिटलमध्ये ड्युटी. त्याआधी आम्ही दर एक-दोन महिन्यांनी रविवारी मुलाला घेऊन कर्नाळ्याला जायचो. अभयारण्याच्या वाटेने किल्ल्यापर्यंत चढायचे, सुळक्याच्या पायथ्याशी बसून डबा खायचा. ते बंद झाले, कारण रविवारीही मी दवाखाना उघडायला लागले. सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, आरोग्य विम्याची पॉलिसी होती. वर्षाचा हप्ता अठ्ठावीस हजार. नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा मीच म्हटले, "कशाला? घरात डॉक्टर आहे, ओळखी आहेत." ते अठ्ठावीस हजारही कर्जात गेले.

जुलै २०१७ पर्यंत आम्ही हप्त्याव्यतिरिक्त साडेआठ लाख भरले होते. त्यातले पाच लाख तर एकाच दिवशी, शेवटची मुदत ठेव मोडून. त्या पावतीचा फोटो मी बहिणीला पाठवला होता.

पुढे काय झाले ते सांगतेच. पण आधी हे समजून घेऊ, की जास्त भरण्याची ही ओढ चुकीची होती का? नव्हती. तिच्यामागचे गणित अगदी बरोबर आहे.

हप्त्याच्या पोटात काय असते?

हप्ता दर महिन्याला तोच असतो, पण त्याच्या आत दोन भाग असतात: व्याज आणि मुद्दल. बँक आधी त्या महिन्याचे व्याज कापून घेते आणि उरेल ते मुद्दलात जमा करते. सुरुवातीला मुद्दल मोठे, म्हणून व्याज मोठे, म्हणून मुद्दलाच्या वाट्याला थोडेच येते.

आजच्या काळातले उदाहरण घेऊ. ३० लाख कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षे. हप्ता सुमारे २६,०३५ रुपये. पहिल्या हप्त्यात व्याज २१,२५० आणि मुद्दल फक्त ४,७८५. वीस वर्षांत एकूण व्याज जाते सुमारे ३२ लाख ४८ हजार, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त. आणि निम्मे मुद्दल, म्हणजे १५ लाख, फिटायला किती वर्षे लागतात? दहा नव्हे. जवळजवळ १३ वर्षे १० महिने.

आता तुम्ही जास्तीचे पैसे भरता तेव्हा त्यातून व्याज कापले जात नाही. ते सगळे थेट मुद्दलावर पडतात. मुद्दल कमी झाले, की पुढच्या प्रत्येक महिन्याचे व्याज कमी. म्हणून परिणाम मोठा दिसतो:

- दर महिन्याला २,००० रुपये जास्त भरले, तर हेच कर्ज २० वर्षांऐवजी सुमारे १६ वर्षे ९ महिन्यांत संपते. व्याज वाचते सुमारे ६ लाख.
- दर महिन्याला ५,००० जास्त भरले, तर सुमारे १३ वर्षे ८ महिन्यांत संपते. व्याज वाचते सुमारे पावणेबारा लाख.
- पहिले वर्ष संपताना एकदाच २ लाख भरले, तर जवळपास ३४ हप्ते कमी होतात. तेच २ लाख पंधरावे वर्ष संपताना भरले, तर फक्त ११ हप्ते.

(हे आकडे व्याजदर तोच राहील असे धरून काढले आहेत.)

शेवटचा मुद्दा वाचून घाई करू नका. लवकर भरलेल्या पैशाला जास्त वर्षे काम करायला मिळते, एवढाच त्याचा अर्थ. तुमची खरी कमाई दोन्ही वेळेस तीच: वर्षाला ८.५ टक्के, म्हणजे कर्जाचा व्याजदर. तरीही ही कमाई चांगलीच आहे, कारण ती नक्की आहे आणि तिच्यावर कर नाही. मुदत ठेवीवर सहसा त्याहून कमी व्याज मिळते आणि त्यावर आयकरही लागतो.

"पण मॅडम, गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते ना?" हा प्रश्न हमखास येतो. जुन्या करप्रणालीत, स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावर वर्षाला २ लाखांपर्यंतचे व्याज उत्पन्नातून वजा होते. नव्या करप्रणालीत अशा घरासाठी ही वजावट नाही. तुम्ही नव्या प्रणालीत असाल, तर करसवलतीसाठी कर्ज चालू ठेवण्याला अर्थ नाही.

हप्ता तोच, पण मुदत वाढलेली

आणखी एक गोष्ट पाहा. बहुतेक गृहकर्जे बदलत्या व्याजदराची असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप वाढली.

समजा, ३० लाख कर्ज ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले होते. हप्ता २३,२५९. लगेच दर अडीच टक्क्यांनी वाढून ९.५ झाला. आता महिन्याचे व्याजच २३,७५० होते. म्हणजे हप्ता भरूनही कर्ज कमी होण्याऐवजी वाढते! पेशंट नियमित गोळी घेतोय आणि तरी शुगर वाढतेय, तसे. अशा वेळी डोस तपासावाच लागतो.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितले, की दर बदलताना कर्जदाराला पर्याय द्या: हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडे थोडे, आणि मध्येच काही रक्कम किंवा पूर्ण कर्ज फेडण्याची मुभाही द्या. तेव्हा वर्षातून एकदा रक्ततपासणी करता, तसे वर्षातून एकदा कर्जाचे विवरण मागवा आणि तीन आकडे पाहा: शिल्लक मुद्दल, आजचा व्याजदर, उरलेले हप्ते. तिसरा आकडा पाहून बऱ्याच जणांना धक्का बसतो.

आणि मग ती रात्र

पाच लाख भरले त्याला नऊ दिवस झाले होते. पहाटे तीनला अण्णा बाथरूममध्ये घसरून पडले. वय शहात्तर. पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि आखूड झालेला पाहिला आणि मला एक्स-रेच्या आधीच कळले: खुब्याचे हाड मोडले होते.

या वयात खुबा मोडला, तर ऑपरेशनला उशीर करायचा नसतो. माणूस अंथरुणाला खिळला, की न्यूमोनिया, पायात रक्ताची गुठळी, पाठीला जखमा, सगळे एकामागून एक येते. हे मी पेशंटच्या नातेवाइकांना शेकडो वेळा सांगितले आहे. त्या सकाळी हॉस्पिटलच्या काउंटरवर मला सांगण्यात आले, "दीड लाख आत्ता भरा." माझ्या खात्यात अडतीस हजार होते. विमा नव्हता. तो मीच बंद केला होता.

दहा वाजता मी बँकेत गेले. व्यवस्थापकांना म्हटले, "नऊ दिवसांपूर्वी भरलेल्या पाच लाखांतले दोन तरी परत द्या." ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे समजावले, की कर्जात जमा झालेली रक्कम परत काढता येत नाही. टॉप-अप कर्जासाठी अर्ज करता येईल, पण कागदपत्रे, मूल्यांकन, मंजुरी धरून दोन आठवडे लागतील. दोन आठवडे! अण्णा स्ट्रेचरवर होते.

सासूबाईंनी काही न बोलता हातातल्या बांगड्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. त्यांच्या लग्नातल्या होत्या. सोनेतारण कर्ज तासाभरात मिळाले. पुढे अण्णांना न्यूमोनिया झाला, सहा दिवस आयसीयू. एकूण बिल ४ लाख ६० हजार. उरलेले पैसे १४ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जातून उभे केले. म्हणजे १० टक्क्यांच्या आतले कर्ज घाईने फेडायला निघालेली मी, चार दिवसांत १४ टक्क्यांचे कर्ज घेऊन बसले.

अण्णा वाचले. वॉकर घेऊन का होईना, चालू लागले. त्याच आठवड्यात त्यांच्या वॉर्डातल्या नर्सने सहज माझे बीपी घेतले: १६०/१००. मी एक्केचाळीस वर्षांची होते आणि गेल्या चार वर्षांत स्वतःचे बीपी एकदाही मोजले नव्हते.

आपण इतकी घाई का करतो?

कर्ज म्हटले, की आपल्या पोटात गोळा येतो, आणि त्याला इतिहास आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. दंगा पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा रोख होता कर्जरोख्यांवर. ते हिसकावून जाळणे हा मुख्य उद्देश. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्याच वर्षी, कर्नाळ्याच्या पायथ्याच्या शिरढोणमध्ये जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले. दुष्काळ आणि कर्ज यांनी पिचलेला तो काळ होता. सातबाऱ्यावर 'बोजा' चढला, की घरात सुतक असल्यासारखे वाटणारी माणसे मी माझ्या आजोळी पाहिली आहेत.

ती भीती खोटी नव्हती. पण आजचे गृहकर्ज म्हणजे त्या काळचा सावकार नव्हे. गृहकर्ज हे सहसा तुम्हाला मिळू शकणारे सर्वांत स्वस्त कर्ज असते. क्रेडिट कार्डची थकबाकी, वैयक्तिक कर्ज, सोनेतारण ही त्याहून महाग. म्हणून फक्त भीतीपोटी सगळ्यात स्वस्त कर्जावर सगळा पैसा ओतला, तर अडचणीच्या वेळी त्याहून महागडे कर्ज घ्यावे लागते. माझे तेच झाले.

कर्जाची काळजी शरीरावर उतरते, हे खरे आहे. झोप लागत नाही, पहाटे चारला जाग येते, मान आणि पाठ धरते, ॲसिडिटी वाढते, बीपी चढते. ही लक्षणे घेऊन येणाऱ्याला मी आता घरातली परिस्थितीही विचारते. कर्ज लवकर संपवायचे ते या काळजीतून सुटण्यासाठी. मग ते फेडण्याच्या नादात तेच आजार ओढवून घेतले, तर काय उपयोग?

आधी काय, मग काय

कुठलेही औषध देताना मी तीन गोष्टी पाहते: कोणाला द्यायचे, किती द्यायचे आणि कोणाला द्यायचे नाही. जास्तीचा हप्ता भरण्याआधी हा क्रम पाहा.

*१. चालू औषधे.* बीपी, शुगर, थायरॉईड, दमा, हृदय, फिट्स यांच्या गोळ्या हा खर्च कमी करायचा नाही. खर्च जास्त वाटत असेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. त्यात लाज कसली? बहुतेक गोळ्यांना स्वस्त जेनेरिक पर्याय असतो, जनऔषधी केंद्रात त्या बऱ्याच कमी दरात मिळतात. पण स्वतःहून बंद करू नका, एक दिवसाआड घेऊ नका. पक्षाघात झाला, तर तो किती हप्ते खाऊन जाईल याचा हिशेब करून पाहा.

*२. आरोग्य विमा.* घरातल्या सगळ्यांचा, विशेषतः आई-वडिलांचा. एकदा खंड पडला, की नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी पुन्हा प्रतीक्षा करावी लागते. ती तीन वर्षांपर्यंत असू शकते. अण्णांच्या बाबतीत हेच झाले. खाजगी विमा परवडत नसेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारतची कार्डे तरी काढून ठेवा. कोणते हॉस्पिटल योजनेत आहे, हे गरज पडण्याआधी माहीत करून घ्या.

*३. मुदतीचा आयुर्विमा.* कमावणारी व्यक्ती गेली, तर कर्ज मागे राहते. शिल्लक कर्जापेक्षा जास्त रकमेचा साधा टर्म इन्शुरन्स हवा. कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा बऱ्याचदा फक्त कर्जापुरता असतो. त्यातून घरच्यांच्या हाती काही उरतेच असे नाही.

*४. अडीअडचणीचा पैसा.* किमान सहा महिन्यांचा घरखर्च, हप्ता धरून. घरात म्हातारी माणसे असतील, तर नऊ महिन्यांचा. हा पैसा शेअरमध्ये नको, कर्जातही नको. बचत खात्यात किंवा मोडता येईल अशा मुदत ठेवीत ठेवा. आणि सगळा एकाच ठिकाणी नको. पनवेलकरांना हे वेगळे सांगायला नको. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच असते. फेब्रुवारी २०२० पर्यंत तर ते १ लाखच होते.

*५. महाग कर्जे.* क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, दुकानदाराचे हप्ते आधी संपवा. गृहकर्जाचा नंबर सगळ्यात शेवटी.

*६. यानंतर उरेल ते गृहकर्जात.* आणि तेही सगळे नाही. मुलांचे शिक्षण आणि तुमचे म्हातारपण यांसाठी काही बाजूला पडलेच पाहिजे.

कर्नाळ्याला गेलात, तर सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी पाहा. किल्ला राखायचा, तर तटबंदीइतकीच पाण्याची सोय महत्त्वाची. मी तिथे किती वेळा बसले, डबा खाल्ला. पण चौथ्या क्रमांकाची गोष्ट काही डोक्यात शिरली नाही.

भरताना काय काळजी घ्यायची?

बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर, वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड बँका घेऊ शकत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच तो बंद केला. स्थिर दराच्या कर्जात मात्र दंड असू शकतो, करारपत्र वाचा.

जास्तीची रक्कम भरताना लेखी सांगा, की हप्ता तोच ठेवा आणि मुदत कमी करा. काही ठिकाणी आपण न सांगता हप्ता कमी करून देतात. तसे झाले, तर व्याजातली बचत बरीच घटते. पण तुमच्या घरात महिन्याची ओढाताण असेल, तर हप्ता कमी करून घेण्यातही काही चूक नाही.

एकदम मोठी रक्कम जमत नसेल, तर दर महिन्याला थोडे, किंवा बोनसच्या वेळी वर्षाला एक जादा हप्ता भरा. पगार वाढला, की त्यातला थोडा भाग हप्त्यात वाढवा. कमी डोस, पण नियमित.

काही बँकांत ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे गृहकर्ज मिळते. त्यात जास्तीचा पैसा कर्जाला जोडलेल्या खात्यात राहतो, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि गरज पडली तर तो काढताही येतो. व्याजदर किंचित जास्त असू शकतो. माझ्यासारखी रात्र ज्यांना टाळायची आहे, त्यांनी याची चौकशी जरूर करावी.

कर्ज संपल्यावर काम संपत नाही. बँकेने मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत द्यायची असतात. १ डिसेंबर २०२३ पासून, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे. कर्ज संपल्याचे पत्र घ्या, प्रत्येक कागद यादीशी ताडून पाहा, सोसायटीच्या नोंदीत किंवा सातबाऱ्यावर बोजा असेल तर तो काढून घ्या, आणि दोन महिन्यांनी सिबिल अहवालात खाते बंद दिसते का ते तपासा.

आमचे कर्ज कधी संपले?

अण्णांच्या आजारपणानंतर दोन वर्षे आम्ही कर्जात हप्त्याशिवाय एक रुपयाही जास्त भरला नाही. आधी बांगड्या सोडवल्या. मग वैयक्तिक कर्ज संपवले. विमा पुन्हा घेतला, सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकला. रात्रीची ड्युटी सोडली. मला बीपीची एक गोळी सुरू झाली. ती आजही चालू आहे.

२०१९ पासून दर महिन्याला आठ हजार जास्त आणि वर्षाला एक जादा हप्ता, एवढेच ठरवले. करोनाच्या वर्षात तेही थांबवले, आणि थांबवता आले याचे समाधान वाटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्ज संपले. ऑक्टोबर २०३३ मध्ये संपायचे होते. अण्णा तोवर राहिले नव्हते. कागदपत्रांची पिशवी मी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती देवाजवळ ठेवली आणि विचारले, "आता रविवारी घरी असशील ना?"

पुढच्या रविवारी आम्ही कर्नाळ्याला गेलो. मुलगा आता माझ्यापेक्षा उंच आहे, तो पुढे निघून गेला. मला दोनदा बसावे लागले. जुनी पावले आठवत होती, दम मात्र राहिला नव्हता. दहा वर्षांनी कर्ज लवकर संपवता आले, पण मुलाचे बालपणीचे जे रविवार मी कर्जात भरले, ते काही परत मिळणार नाहीत. त्यासाठी टॉप-अपची सोय नसते.

तर काका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर: कर्ज लवकर फेडा, जरूर फेडा. पण गोळ्या घेऊन फेडा, विमा चालू ठेवून फेडा, रात्रीची झोप राखून फेडा. दोन वर्षे उशिरा फिटले तरी चालेल.

ते गृहस्थ परवा पुन्हा आले होते. बीपी १४२/८८. जास्तीचे पाच हजार भरत होते, ते आता दोन हजार भरतात. बाकीच्यातून औषधे येतात आणि थोडे बँकेत पडतात. कर्ज या वर्षी संपणार नाही म्हणून जरा नाराज होते. मी म्हटले, "काका, कर्ज संपेल त्या दिवशी पेढे घेऊन तुम्ही स्वतः यायला हवं."

तुम्हीही आज एक काम करा. बँकेचे विवरण काढा, आणि त्याच्याशेजारी बीपीची डायरी ठेवा. दोन्हींतले आकडे एकदम पाहा. आणि बीपी मोजून सहा महिने झाले असतील, तर आधी ते मोजून या.